शाळा नवी, पुरळ नवं
शाळा बदलली की मुलं आजारी पडतात, म्हणताय? आमचं अख्खं घर पडलं! जूनमध्ये धाकटीची शाळा बदलली, तिसऱ्या आठवड्यात कांजिण्या. लागण झाल्यावर पुरळ यायला 10 ते 21 दिवस लागतात, म्हणजे ही नव्या शाळेचीच पहिली भेट. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरीच. ती शाळेत परतली त्याच आठवड्यात नवरोबा फुलले! लहानपणी झाल्या नव्हत्या म्हणे. मोठ्यांना त्रास जास्त होतो, मान्य. पण लेक पुरळ मोजत कॅरम खेळायची, हे थेट मृत्युपत्रावर आले. सासूबाईंनी कडुलिंब इतका तोडला की दारातलं झाड बोडकं.