आधी विमा, मग बेकरी
नवरा आयटीतली नोकरी सोडून बेकरी काढतोय, आधी काय काय बघावं, असं तुम्ही विचारलंय. वर बहुतेकांनी 'सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा' असं उत्तर दिलंय, ते बरोबरच. पण नवऱ्याने आयटी सोडून बेकरी काढली की पहिला फटका आरोग्य विम्याला बसेल. कंपनीचा ग्रुप विमा साधारणपणे नोकरीबरोबरच संपतो. स्वतःची पॉलिसी राजीनाम्याआधीच घ्या. आधीपासून असलेल्या आजारांचा खर्च नव्या पॉलिसीतून मिळायला ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पीएफला शक्यतो हात लावू नका. सलग ५ वर्षं नोकरी झाली नसेल तर काढलेल्या रकमेवर कर लागतो.

घरातलं म्हणाल तर, माझ्या बायकोने शाळेतली नोकरी सोडून घरून भाषांतराचं काम सुरू केलं तेव्हा आमचे खटके पैशांवरून उडालेच नाहीत. 'तू घरीच आहेस ना' यावरून उडाले. सिलिंडर, कुरियर, मावशींची दांडी, सगळं तिच्या गळ्यात. शेवटी दहा ते एक आतल्या खोलीचं दार बंद, बेल वाजली तर वाजू दे, असं ठरलं. डबा माझ्याकडे आला. (पोळ्या बाहेरून येतात, ते असो.)

तुमची दुपारची शिफ्ट आहे म्हणता. बेकरीवाला पहाटे उठणार, म्हणजे तुम्ही घरी याल तेव्हा तो झोपलेला. दोघांना एकच सुट्टीचा वार जमतो का, ते आत्ताच बघा. रविवारी बेकरी बंद ठेवणं परवडायचं नाही.