१:७२ मधील दोन आसनी नॅटपासून श्रीनगरचे एकआसनी नॅट करता येईल का?

स्प्रूकटर

सर्वांस नमस्कार. माझ्याकडे एअरफिक्सचे फॉलंड नॅट टी.१ या विमानाचे १:७२ प्रमाणातील किट आहे. खोक्यावर रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई कसरतींच्या पथकाचे लाल विमान आहे. मला मात्र त्यातून भारतीय वायुदलाचे नॅट घडवायचे आहे, आणि त्यातही १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर पाकिस्तानी सेबर विमानांचा हल्ला चालू असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों ज्या नॅटमधून झेपावले, ते. वायुदलातील एकमेव परमवीर चक्र ज्या उड्डाणासाठी दिले गेले, त्या उड्डाणाचे विमान माझ्या टेबलावर असावे अशी फार दिवसांची इच्छा आहे.

आजवर मी किटे खोक्यातून निघाली तशीच बांधली आहेत. एका प्रकाराचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करण्याची ही पहिलीच वेळ. टी.१ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान आहे आणि भारताकडे एकआसनी लढाऊ नॅट होते, एवढे मला ठाऊक आहे. मागचे आसन काढून, ती जागा प्लास्टिक शीटने झाकून आणि कॅनोपी (कॉकपिटवरची काच) आखूड करून काम भागेल का? भारतीय खुणांचे तयार डीकल (प्रतिकृतीवर चिकटवायच्या छापील खुणा) जवळपास मिळत नाहीत, तेव्हा ते कसे करावेत? शिवाय मी रत्नागिरीला राहतो आणि इथल्या दमट हवेत एअरब्रशने रंग देताना रंगावर पांढरट झाक येते, त्यावरही मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

मोजपट्टी

तुमचा विषय मनापासून आवडला, म्हणूनच सविस्तर लिहितो. केवळ मागचे आसन झाकून हे रूपांतर होणार नाही, कारण टी.१ आणि एकआसनी नॅट यांच्यात कॅनोपीपेक्षा पंखांचा फरक मोठा आहे.

आधी आकडे पाहू. एकआसनी नॅटच्या पंखांचा विस्तार ६.७३ मीटर आणि लांबी सुमारे ८.७४ मीटर, टी.१ चा विस्तार ७.३२ मीटर आणि लांबी ९.६८ मीटर. या मापांना ७२ ने भागले की एकआसनी प्रतिकृतीचा विस्तार साधारण ९३.५ मिलिमीटर आणि लांबी १२१ मिलिमीटर येते, तर टी.१ ची मापे अनुक्रमे १०१.५ आणि १३४ मिलिमीटरच्या आसपास येतात. विस्तारातला ८ मिलिमीटरचा फरक पाहून दोन्ही टोके चार-चार मिलिमीटर कापावीत असा मोह होईल, पण त्याने काम होत नाही. लढाऊ नॅटच्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १२.७ चौरस मीटर होते आणि टी.१ चे १६ चौरस मीटरहून अधिक. म्हणजे प्रशिक्षण विमानाचा पंख नुसता लांब नाही, तो रुंदही आहे. नवख्या वैमानिकाला कमी वेगाने उतरता यावे म्हणून तो मुद्दाम वाढवलेला होता.

याहून महत्त्वाचा भेद पंखाच्या मागच्या कडेवर आहे. एकआसनी नॅटमध्ये एलेरॉन (विमान डावीकडे-उजवीकडे कलवणारे हलते भाग) पंखाच्या आतल्या बाजूस, धडाजवळ होते आणि चाके खाली आली की तेच खाली झुकून फ्लॅपचे, म्हणजे कमी वेगात उचल वाढवणाऱ्या भागांचे, काम करीत. टी.१ मध्ये एलेरॉन नेहमीप्रमाणे बाहेरच्या बाजूस गेले आणि आत स्वतंत्र फ्लॅप आले. त्यामुळे किटच्या पंखावर कोरलेल्या सांध्यांच्या रेषा पुट्टीने भरून, घासून, नव्याने कोराव्या लागतील. नॅट ओळखणारा माणूस आधी हीच जागा पाहतो.

धडाचा पुढचा भागही टी.१ मध्ये लांबवलेला आहे आणि शेपटीचे पृष्ठभाग वाढवलेले आहेत. शिवाय लढाऊ नॅटच्या दोन्ही इनटेकच्या (इंजिनासाठी हवा घेणाऱ्या तोंडांच्या) बाहेरच्या अंगाला ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा होत्या. प्रशिक्षण विमानात त्या नाहीत, तेव्हा तोफांची तोंडेही तयार करावी लागतील. हे सारे केल्यावर मूळ किटमधले काय उरते, याचा हिशेब करून पाहा: चाके, एक्झॉस्टचा भाग, धडाचा मागचा तुकडा आणि थोडेफार सुटे भाग.

माझे स्पष्ट मत असे की, सेखों यांच्या विमानाविषयी इतकी आस्था असेल तर एकआसनी नॅटचेच किट घ्यावे. चेक प्रजासत्ताकातील स्पेशल हॉबी या कंपनीने १:७२ मध्ये ते काढलेले आहे. तुमच्याकडचे टी.१ ज्या रूपात ते खरोखर उडाले त्याच रूपात बांधा. रेड ॲरोजने १९६५ ते १९७९ पर्यंत हेच विमान वापरले. भारतीय वायुदलाने मात्र टी.१ कधीच वापरले नाही, म्हणून त्यावर तिरंगी चक्र (वायुदलाची वर्तुळाकार खूण) रंगवले तर ते विमान इतिहासात कुठेच बसत नाही.

सह्यवारा

मोजपट्टी यांच्या आकड्यांशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी मात्र पूर्णपणे नाही. रूपांतर अवघड आहे म्हणून ते करूच नये, असे मला वाटत नाही. हातात आधीच एक किट आहे, आणि पंख शून्यातून घडवण्याइतके या छंदात दुसरे काहीच शिकवत नाही. नॅटचा पंख लहान, मागे ओढलेला आणि साधा आहे. एक मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटचे दोन थर चिकटवून, पुढची कड गोल आणि मागची कड पातळ घासली की तो हाताने घडवता येतो. पहिला पंख म्हणून याहून सोपा पंख जेट विमानांत क्वचितच सापडेल.

ज्यांना हा मार्ग घ्यायचा आहे, त्यांनी आराखडा निवडताना विशेष काळजी घ्यावी. महाजालावर मिळणारे किंवा जुन्या मासिकांतून छायाप्रत केलेले आराखडे एका दिशेने ताणले गेलेले असतात. छापलेल्या आराखड्यावर पट्टी ठेवून पंखांचा विस्तार ९३.५ आणि लांबी १२१ मिलिमीटरच्या जवळ येते का, हे दोन्ही स्वतंत्रपणे तपासावे. एक माप जुळले म्हणून दुसरे जुळेलच असे नाही. लांबी तपासताना नाकावरची वायुवेग मोजणारी नळी त्या मापात धरली आहे की नाही हेही पाहावे, कारण वेगवेगळ्या आराखड्यांत ती वेगवेगळ्या रीतीने धरलेली असते.

मागच्या कॉकपिटची जागा बुजवताना नुसती पुट्टी थापू नये. जाड थर सुकताना आकसतो आणि रंग दिल्यानंतर महिन्याभराने तिथे खळगा दिसू लागतो. आधी शीटचे तुकडे बसवून पोकळी भरावी आणि वरचा पातळ थर तेवढा एम-सीलसारख्या दोन भाग मळून लावायच्या लुकणाचा द्यावा. ते आकसत नाही आणि कडक झाल्यावर पाणी लावून पॉलिश पेपरने छान घासता येते. कॅनोपीसाठी मात्र टी.१ ची काच कापून चालणार नाही. लाकडाचा ठोकळा कॅनोपीच्या आकारात घासून, त्यावर तापवलेली पारदर्शक शीट ओढून नवी काढावी लागेल.

नवे किट घेण्याचे ठरले, तर एक गोष्ट नीट पाहून घ्या. स्पेशल हॉबीची नॅट आणि अजित ही दोन्ही किटे आहेत. अजित ही हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बंगळुरूत नॅटपासून विकसित केलेली पुढची आवृत्ती असून तिच्या पहिल्या नमुन्याचे उड्डाण १९७५ साली झाले. पंखांतच इंधनाची सोय केल्यामुळे पंखाखालच्या चारही टांगण्या शस्त्रांसाठी मोकळ्या झाल्या, हा तिचा मुख्य गुण. १९७१ च्या श्रीनगरसाठी तुम्हाला अजित चालणार नाही. खोक्यावर भारतीय चक्र दिसले म्हणून घाईने मागवू नका.

खाडीकाठ

मी रंग आणि खुणा यांविषयीच लिहितो. मीही किनाऱ्यावरच राहतो, त्यामुळे रत्नागिरीची अडचण परिचयाची आहे.

पांढरट झाक येते ती बहुतेक वेळा लॅकर रंगावर. थिनर झपाट्याने उडते, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतले बाष्प ओल्या थरावर बसते. यावर पहिला उपाय म्हणजे सावकाश उडणारे, रिटार्डर (सुकणे लांबवणारे द्रव्य) मिसळलेले थिनर वापरणे. दुसरा म्हणजे कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारा सापळा बसवणे आणि टाकी असल्यास दर वेळी तिच्यातले पाणी काढून टाकणे. जुलै-ऑगस्टमध्ये मी लॅकरचे काम घेतच नाही. ते महिने कापणे, घासणे आणि रेषा कोरणे यांसाठी ठेवतो. झाक आलीच, तर तो थर खरवडण्याची घाई करू नये. कोरड्या दिवशी त्यावर नुसत्या रिटार्डरयुक्त थिनरचा अगदी हलका फवारा दिला तर ती बऱ्याचदा निघून जाते.

भारतीय चक्रात बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे वर्तुळ असते. घरच्या इंकजेटवर डीकल छापण्याचा विचार असेल, तर ती शाई पारदर्शक असते हे ध्यानात घ्या. पारदर्शक कागदावर छापलेले केशरी गडद हिरव्या रंगावर मातकट दिसते. पांढऱ्या कागदावर छापले तर रंग खुलतो, पण कड अगदी काटेकोर कापावी लागते. माझा आग्रह असा की चक्रे रंगवावीतच. वर्तुळे कापणाऱ्या कंपासने मास्किंग टेप कापा, आधी पूर्ण चकती पांढरी करा, मग मधले पांढरे कडे झाकून बाहेरचे केशरी आणि आतले हिरवे द्या. हाताने रंगवलेले चक्र पत्र्याच्या सांध्यांत नीट बसते आणि त्याला डीकलच्या पापुद्र्याची चमक येत नाही. शेपटीवरील तिरंगी पट्टीत केशरी रंग पुढच्या कडेकडे असतो. आकारासाठी बाजूने घेतलेले छायाचित्र निवडून त्यातील धडाची लांबी आणि चक्राचा व्यास यांचे गुणोत्तर काढा, म्हणजे अंदाज करावा लागणार नाही.

विमानाचा क्रमांक आणि रंगसंगती यांबाबत मात्र अधिक कडक राहायला हवे. संग्रहालयांत किंवा तळांच्या प्रवेशद्वारांशी उभी असलेली नॅट विमाने नंतर पुन्हा रंगवली जातात आणि त्या वेळी उपलब्ध असलेला रंग व सोयीचा क्रमांक त्यांवर चढतो. दिल्लीत पालमच्या वायुदल संग्रहालयात उभे असलेले नॅट आकार, जाडी आणि सांधे अभ्यासण्यासाठी उत्तम आहे, पण १९७१ च्या रंगाचा पुरावा म्हणून ते वापरू नये. त्या काळातले, तारीख असलेले छायाचित्र हाच आधार धरावा, आणि जो क्रमांक छायाचित्रात दिसत नाही तो प्रतिकृतीवर लिहू नये. त्यापेक्षा सेखों यांच्या १८ व्या स्क्वॉड्रनचे नॅट म्हणून ते ठेवणे अधिक प्रामाणिक ठरेल.

रंगाची मोडतोड आणि मळ दाखवतानाही हात आवरावा. १:७२ मध्ये ०.२ मिलिमीटर रुंदीची काळी रेषा ओढली तर ती खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरपेक्षा रुंद फट होते, आणि एवढ्या फटीचे विमान कोणी उडवत नाही. नॅटसारख्या इवल्याशा विमानावर ही चूक लगेच डोळ्यांत भरते. काळ्याऐवजी मूळ रंगाचीच थोडी गडद छटा रेषांत भरा आणि उरलेली पुसून घ्या.

स्प्रूकटर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. मोजपट्टी यांनी दिलेली मापे किटवर ताडून पाहिली आणि पंखांचा फरक खरोखरच झाकता येण्याजोगा नाही, हे पटले. सेखों यांच्या नॅटसाठी एकआसनी किट मागवतो आणि टी.१ लाल रंगातच बांधतो. सह्यवारा यांनी सांगितलेला पंख मात्र शीटमधून एकदा घडवून पाहणार आहे; नव्या किटचा पंख शेजारी ठेवून तो पडताळता येईल. क्रमांकाविषयीची सूचनाही मान्य आहे.

आणखी एक विचारतो. प्रतिकृती जमिनीवर, चाके खाली असलेल्या स्थितीत ठेवायची आहे. त्यासाठी बांधणीच्या सुरुवातीलाच काही ठरवावे लागते का?

मोजपट्टी

दोन गोष्टी धड चिकटवण्यापूर्वीच कराव्या लागतील. नॅटची मुख्य चाके पंखांत नव्हे तर धडात मिटतात आणि त्यांची दारे हवेत वेग कमी करणाऱ्या एअरब्रेकचेही काम करीत, म्हणून ती मोठी आहेत आणि चाके खाली असताना ठळक दिसतात. तेव्हा दारांच्या आतली बाजू आणि चाकांचे कप्पे आधी रंगवून घ्या. दारांच्या कडा किटमध्ये जाड असतील. त्या आतून तिरक्या घासून पातळ करा, दर्शनी पृष्ठभागाला हात लावू नका.

दुसरी गोष्ट नाकातल्या वजनाची. मुख्य चाके मागे असल्यामुळे वजन न घातल्यास प्रतिकृती शेपटीवर बसते. मासेमारीच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या कॉकपिटच्या पुढच्या पोकळीत दोन भागांच्या इपॉक्सीने घट्ट बसवा. साध्या पांढऱ्या गोंदाने बसवू नका, कारण शिशावर कालांतराने त्याची प्रक्रिया होऊन ते फुगते आणि धडाचा सांधा उकलतो. धडाचे दोन भाग टेपने तात्पुरते जोडून, पंख आणि शेपटी जागेवर धरून, मुख्य चाकांच्या रेषेखाली पेन्सिल ठेवा. नाक खाली झुकले की त्यावर थोडे वजन आणखी घाला, कारण रंग आणि मागचे सुटे भाग अजून चढायचे असतात.

रत्नागिरीत गळाचे शिसे कुठे मिळते हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. किट आले की धडाच्या पहिल्या जुळणीची छायाचित्रे इथे टाका. एलेरॉनच्या रेषा आपण मिळून तपासू.