प्रतिसाद: ‘मी सॉन’ वगळू नका

हालाँग बे आणि हनोई झालं की व्हिएतनाम पाहून झाला, या मताशी मी सहमत नाही. मध्य व्हिएतनाममधल्या होई आन शहरात जाणार असाल तर तिथून साधारण 40 किमीवरचं ‘मी सॉन’ हे जुन्या देवळांचं संकुल कृपया वगळू नका. चाम राजांनी, म्हणजे इथल्या प्राचीन चंपा राज्याच्या राजांनी, चौथ्या शतकापासून शेकडो वर्षं इथे देवळं बांधली. पहिलं होतं भद्रेश्वराचं, म्हणजे शंकराचं. बांधणारा राजा भद्रवर्मन्, म्हणून देव भद्रेश्वर! विटा इतक्या घट्ट बसवल्यात की सांध्यात चुना दिसतच नाही.

1969च्या अमेरिकन बॉम्बफेकीत इथलं सर्वांत भव्य शिखर कोसळलं. बॉम्बने पडलेले खड्डे अजून दिसतात. ते पाहताना फार वाईट वाटतं. जतनाच्या कामात आपलं पुरातत्त्व खातंही होतं, आणि 2020मध्ये त्यांना नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. पहाटेच पोचा, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात.

निसर्ग हवा असेल तर उत्तर व्हिएतनाममधल्या निन्ह बिन्हजवळचं त्रांग आन. चुनखडीचे डोंगर, पाण्याने भरलेल्या गुहा, वल्ह्यांची होडी. 2014 पासून ते युनेस्कोच्या यादीत निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर आहे.