मत कुणाचं, पट्टी कुणाच्या खिशातून?

व्हिएतनामी बाजारपेठेचा 'व्यापार सुधारणा जिल्हा' करायचा, म्हणजे परिसर सुधारायला तिथल्यांकडूनच पट्टी (जादा आकारणी) गोळा करायची, अशी सूचना आहे. "व्हिएतनामी दुकानदार एकजुटीचे आहेत, मतदान घ्या आणि जिल्हा करून टाका" हे त्यामागचं म्हणणं मला अर्धंच पटतं. कॅलिफोर्नियाच्या 1994च्या कायद्याखाली मालमत्तेवर पट्टी बसवायची, तर मत जागामालकाचं. निम्म्याहून जास्त पट्टी भरणाऱ्यांच्या सह्या लागतात. एकाच मालकाची चाळीस टक्क्यांपुढची पट्टी त्यात धरत नाहीत. पुढे मतपत्रिकाही पट्टीच्या वजनानेच मोजतात. आणि सॅन होजेतल्या स्टोरी रोडसारख्या व्हिएतनामी भागात फो (नूडल सूप) विकणारा, नखं रंगवणारी, दागिने घडवणारा असे बहुतेक सगळे भाडेकरू! पट्टी मात्र बऱ्याचदा 'ट्रिपल नेट' करारातून, म्हणजे जागेचा कर आणि खर्चही भाडेकरूनेच भरायच्या करारातून, त्यांच्याच भाड्यात येऊन बसते.

1989चा कायदा थेट धंद्यांवर पट्टी लावतो, पण तिथली मेख वेगळी आहे. एकूण पट्टीतली निम्मी किंवा जास्त भरणाऱ्यांनी लेखी विरोध केला तरच ती थांबते, म्हणजे गप्प बसणं हाच होकार. आमच्या नेहमीच्या बान्मी (व्हिएतनामी सँडविच) विकणाऱ्या मावशींनी अशाच पट्टीच्या सूचनेचं एक इंग्रजी पत्र गल्ल्याखाली, पावाच्या पिठाच्या बिलांत ठेवलं होतं. जाहिरात समजून. मी वाचून दाखवलं तेव्हा हरकतीची तारीख उलटली होती.

नावाचा वाद वेगळाच. सॅन होजेत नोव्हेंबर 2007 मध्ये नगरपरिषदेने स्टोरी रोडच्या व्यापारी भागाचं नाव 'सायगॉन बिझनेस डिस्ट्रिक्ट' ठरवलं, लोकांना 'लिटल सायगॉन'च हवं होतं. मोर्चे, उपोषण झालं आणि मार्च 2008 मध्ये ठराव मागे घ्यावा लागला. तिथे तर पट्टीचा प्रश्नही नव्हता, नुसती पाटी!