बोका काहीतरी सांगून राहिला, आम्हाला कळत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचा बोका गोट्या तीन वर्षांचा, नसबंदी झालेला. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी अंगणातल्या माठामागे सापडला, तेव्हा मुठीएवढा होता. त्याची बोली आम्हाला कळते. भूक लागली की तुटक म्यांव, दार उघडून हवं असलं की लांबट, उघडेपर्यंत. मोठी मांजरं एकमेकांशी क्वचितच म्यांव करतात, ते माणसांसाठीच असतं, म्हणून मी त्याच्या प्रत्येक हाकेला ओ देते.

काल संध्याकाळपासून मात्र वेगळंच चाललंय. पारा ४५ च्या घरात, पण हा कूलरसमोर बसेना. मोरीपाशी जातो, उकिडवा बसतो, घशातून खोल आवाज काढतो, उठून माझ्याकडे बघतो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. वाळूच्या ट्रेमध्येही सारख्या चकरा. सकाळपासून जेवला नाही. पोटाला हात लावला तर फिस्कारला, आजवर कधीच फिस्कारला नव्हता. आई म्हणते पोट साफ झालं नसेल, एरंडेल दे. काय सांगून राहिला असेल तो?

प्रतिसाद:
ताई, एरंडेल देऊ नका. आधी ट्रे बघा, वाळू ओली होतेय का? बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट बुच अडकलं की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदयावर येतं. एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो. पोट दाबू नका. जवळचा उघडा दवाखाना गाठा, नाहीतर सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. फोनवर 'बोका आहे, लघवी होत नाही' एवढंच आधी सांगा. टोपलीवर ओलं फडकं टाका, ऊन फार आहे.

धागाकर्ती:
वाळू कोरडी आहे. फक्त दोन गुलाबी थेंब. ऑटो आलाय, निघते.

धागाकर्ती, रात्री:
नळी घालून लघवी काढली. सलाईन सुरू आहे, दोनतीन दिवस तिथेच ठेवणार. दादा, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. मोरीपाशी बसून तो हेच सांगत होता आणि मी रात्रभर त्याला 'ओ' देत बसले.

आता एक विचारायचं आहे. पाणी जास्त पोटात जायला हवं, ओलं खाणं द्या, असं डॉक्टर म्हणाले. हा वाडग्याला तोंड लावत नाही, माठाखाली ठिबकलेलं तेवढं चाटतो. तुमच्या मांजरांना पाणी प्यायची सवय कशी लावलीत?