गच्चीवर ५८ अंश, आमच्या नळाला मात्र कोमट: सोलरचं काय करावं?

मांजलपूरची वहिनी
बडोद्यात मांजलपूरला आमची सात मजली बिल्डिंग, १४ फ्लॅट. गच्चीवर पाणी तापवायचं काचेच्या ट्यूबवालं सोलर, १५०० लिटरची टाकी. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. सासरे ८१ वर्षांचे, पहाटे साडेपाचला आंघोळ. गरम नळ सोडला की आधी अख्खी बादली गार पाणी येतं, मग कुठे कोमट. परवा मुलाच्या प्रयोगाचा थर्मामीटर घेऊन वर गेले. टाकीजवळच्या नळाला ५८ अंश. आमच्याकडे बादली भरून झाल्यावरही ३९.

ती पहिली बादली मी भांड्यांना ठेवते. पण पहिल्या मजल्यावरच्या आजी एकट्या असतात, त्यांना बादली उचलवत नाही. त्या सरळ गीझर लावतात. सोलरचा मेंटेनन्स भरायचा आणि वर लाइटबिलही, याचं मला फार वाईट वाटतं. कमिटीत ट्यूबा वाढवायचं चाललंय. त्याआधी जाणकारांनी सांगा.

प्लंबिंगवाला काका
ताई, ट्यूबांवर पैसे घालू नका. ५८ अंश आहे म्हणजे सोलर चोख चाललंय, खोट पाइपात आहे. एक इंची पाइपात मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी राहतं. टाकीपासून तुमच्यापर्यंत ३० मीटर धरा, झाले १५ लिटर. हीच तुमची बादली, रात्रभर पाइपात निवलेली.

उपाय रिटर्न लाइनचा. खालच्या टोकापासून टाकीपर्यंत परतीचा पाइप, त्यावर छोटा पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ देत नाही तो), टायमर आणि थर्मोस्टॅट. पहाटे पाचला पंप सुरू झाला की साडेपाचला नळाशी गरम पाणी हजर. पण आधी सगळ्या पाइपाला इन्सुलेशन हवंच, नाहीतर पाणी फिरून फिरून टाकीच गार होईल.

कारेलीबाग
३९ चं कारण वेगळंही असेल. आमच्याकडे एका फ्लॅटमध्ये बाथरूमच्या मिक्सरचे (गरम-गार एकत्र करणाऱ्या नळाचे) दोन्ही कॉक उघडे आणि हँडशॉवर पुढून बंद ठेवायचे. गार पाण्याचं प्रेशर जास्त, ते तिथून गरम लाइनीत घुसायचं आणि खालचे सगळे कोमट पाण्यात. एकेका फ्लॅटचा गार कॉक बंद करून बघा.
आणि उत्तरायणाच्या पतंगबाजीआधी ट्यूबांवर जाळी टाका. आमच्या तीन फुटल्या.

मांजलपूरची वहिनी
काका, दादा, खूप आभार. काल वर जाऊन पाइपाला हात लावला. इन्सुलेशनचं काळं रबर उन्हाने इतकं करपलंय की बोटाने चुरा होतो, उतरत्या लाइनीवर तर दोन मजले नुसता उघडा पाइप. आणि पाचव्या मजल्यावर अगदी तसाच हँडशॉवर सापडला! तिथला कॉक बंद केला, आज सकाळी आमच्याकडे ४६ अंश. पहिली बादली अजून गारच. रविवारच्या मीटिंगमध्ये ट्यूबांऐवजी इन्सुलेशन आणि रिटर्न लाइन मांडतेय, आजींनाही सोबत नेणार आहे. काका, तो पंप रात्री झोपमोड करेल एवढा वाजतो का? सातव्या मजल्यावरचे पहिलं हेच विचारतील.