आरटीएस म्हणजे नेमके काय: या नावाची हद्द कुठे आखावी?

तटबंदी (धागाकर्ता)

'आरटीएस' ही अक्षरे किती निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरली जातात, याची यादी करायला बसले तर ती लांबतच जाते. सर्बियाची सार्वजनिक प्रसारण संस्था आरटीएस आहे आणि स्वित्झर्लंडची फ्रेंच भाषिक प्रसारण संस्थाही आरटीएसच आहे. मॉस्कोच्या शेअर बाजाराचा डॉलरमध्ये मोजला जाणारा एक निर्देशांक १९९५ पासून याच नावाने ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये मुलांसाठी शिफारस केलेल्या हिवतापावरील लसीच्या नावातही हीच अक्षरे आहेत. या अर्थांमुळे कोणाची गैरसोय होत असेल असे मला वाटत नाही, कारण संदर्भ पाहताक्षणीच अर्थ कळतो. खरा घोळ आहे तो संगणकीय खेळांच्या जगात, जिथे 'रिअल टाइम स्ट्रॅटेजी' हा विस्तार सर्वांना ठाऊक असूनही त्याखाली काय काय येते याबद्दल दोन खेळाडूंचे एकमत होत नाही.

माझे मत असे आहे की, ज्या खेळांत न थांबणाऱ्या एकाच घड्याळाखाली संसाधने गोळा करणे, तळ उभारणे, सैन्य घडवणे आणि ते लढवणे ही सगळी कामे एकाच खेळाडूला एकाच वेळी सांभाळावी लागतात, त्यांनाच आरटीएस म्हणावे. हा शब्दप्रयोग रुळला तो वेस्टवुड स्टुडिओजच्या १९९२ च्या 'ड्यून टू' या खेळाबरोबर, आणि त्याचे श्रेय ब्रेट स्पेरी यांना दिले जाते. त्या खेळात स्पाइस हे संसाधन गोळा करणारी हार्वेस्टर वाहने होती, आधी काँक्रीटचे ठोकळे अंथरून मग त्यांवर उभारायच्या इमारती होत्या आणि कारखान्यातून बाहेर पडणारे रणगाडे होते. पुढे 'वॉरक्राफ्ट' (१९९४), 'कमांड अँड कॉन्कर' (१९९५), 'टोटल अ‍ॅनायहिलेशन' आणि 'एज ऑफ एम्पायर्स' (दोन्ही १९९७) व 'स्टारक्राफ्ट' (१९९८) यांनी हाच साचा पुढे नेला.

या साच्याचे मर्म समजण्यासाठी 'एज ऑफ एम्पायर्स टू'ची सुरुवातीची दोन मिनिटे पुरेशी आहेत. सर्वसाधारण डावात खेळाडूकडे एक नगरकेंद्र, तीन गावकरी आणि एक घोडेस्वार टेहळ्या असतो. नगरकेंद्र पाच जणांपुरताच आसरा देते, म्हणजे एक नवा गावकरी घडला की घर बांधल्याशिवाय पुढची वाढ खुंटते. एका गावकऱ्याला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात घराचे काम सुरू झालेले असावे लागते, टेहळ्याने मेंढ्या शोधायला घेतलेले असावे लागते आणि नगरकेंद्र क्षणभरही रिकामे राहू द्यायचे नसते, कारण रिकाम्या गेलेल्या सेकंदांची भरपाई पुढे कोणत्याही लढाईत होत नाही. अन्न, लाकूड, सोने आणि दगड ही चारही संसाधने नकाशावर सापडतात, पण खेळाडूचे लक्ष हे पाचवे संसाधन सर्वांत दुर्मीळ असते आणि ते घर व रणांगण यांत सतत वाटावे लागते. हे वाटप म्हणजेच आरटीएस, असे मी मानतो.

या कसोटीवर 'टोटल वॉर' मालिका उतरत नाही, कारण तिथे राज्यकारभार पाळीपाळीने चालतो आणि घड्याळ फक्त लढाईपुरते धावते. 'युरोपा युनिव्हर्सालिस' उतरत नाही, कारण विचार करायला घड्याळ थांबवता येते. 'डोटा टू' आणि 'लीग ऑफ लेजंड्स' यांत एकच नायक हाताळायचा असल्यामुळे तेही बाहेर राहतात. हे खेळ कमी प्रतीचे आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. ते वेगळे आहेत, आणि त्यांना आरटीएस म्हटल्यामुळे शोधणाऱ्याच्या हाती भलताच खेळ पडतो.

उघडा नकाशा

धागाकर्त्यांनी मांडणी नेटकी केली आहे, पण तिचा पाया मला मान्य नाही. नाव जेव्हा आपल्या घटक शब्दांतूनच अर्थ सांगते, तेव्हा त्याला आणखी अटी जोडण्याचा अधिकार कोणालाही नाही. काळ अखंड वाहतो आहे आणि खेळाडू व्यूह रचतो आहे, एवढ्या दोन गोष्टी पुरेशा आहेत.

इतिहासाचा दाखला द्यायचाच असेल तर तो १९९२ पासून का सुरू करावा? टेक्नोसॉफ्टचा 'हर्झोग झ्वाय' हा खेळ १९८९ मध्ये सेगाच्या मेगा ड्राइव्ह या खेळयंत्रावर आला आणि 'ड्यून टू'च्या कर्त्यांनी त्याचा प्रभाव मान्य केलेला आहे. त्यात खेळाडू रूप बदलणारे एकच यंत्र स्वतः चालवतो, विकत घेतलेली तुकडी उचलून हव्या त्या ठिकाणी नेऊन सोडतो, तिला आज्ञा देतो आणि नकाशावरचे तळ ताब्यात घेतो. खाणकाम नाही, इमारती बांधणे नाही. धागाकर्त्यांची कसोटी लावली तर ज्या खेळापासून 'ड्यून टू'ने प्रेरणा घेतली, तोच बाहेर पडतो. एकच पात्र हाताळण्याची जी गोष्ट त्यांना 'डोटा'मध्ये खटकते, ती या परंपरेच्या उगमापाशीच उभी आहे.

दुसरे उदाहरण तर त्यांच्याच यादीतले आहे. 'स्टारक्राफ्ट'च्या टेरन (म्हणजे माणसांच्या बाजूच्या) मोहिमेत 'जेकब्स इन्स्टॉलेशन' नावाचा टप्पा आहे. तिथे तळ नाही, कामगार नाहीत, खनिज नाही. मोजके सैनिक घेऊन बंदिस्त दालनांतून वाट काढायची असते. तेवढ्या टप्प्यापुरता 'स्टारक्राफ्ट' आरटीएस राहत नाही असे म्हणायचे का? 'कंपनी ऑफ हीरोज'मध्ये (२००६) कोणीही लाकूड तोडत नाही किंवा खाण खणत नाही, नकाशावरचे बिंदू राखले की संसाधने आपोआप येत राहतात, आणि तरीही त्याला आरटीएस म्हणायला कोणी कचरत नाही. हद्द जेवढी अरुंद कराल तेवढे अपवाद वाढत जातील.

जोडणीकार

मी संगणकांच्या जोडण्यांचे काम करतो, त्यामुळे या चर्चेतील एका गृहीतकाला हरकत घेणे मला भाग आहे. 'संदर्भ पाहताक्षणीच अर्थ कळतो' हे धागाकर्त्यांचे वाक्य फार घाईचे आहे. वैद्यकातच पाहा. रॉथमंड-थॉमसन आणि रुबिनस्टाइन-टायबी हे दोन अगदी वेगळे आनुवंशिक विकार आहेत आणि दोघांसाठीही हेच लघुरूप वापरले गेले आहे. दोन्ही आनुवंशिकीतलेच असल्यामुळे संदर्भ इथे काहीच मदत करत नाही, म्हणून दुसऱ्यासाठी चार अक्षरांचे वेगळे लघुरूप वापरावे लागते.

आमच्या कामात आरटीएस म्हणजे 'रिक्वेस्ट टू सेंड', म्हणजेच पाठवण्याची परवानगी मागणारा संकेत. आरएस-२३२ या सिरियल जोडणीच्या मानकातील नऊ पिनांच्या जोडणीत तो सातव्या पिनेवर असतो आणि 'पाठवा' असे सांगणारा सीटीएस आठव्या पिनेवर. बिनतारी वाय-फायमध्येही हीच जोडी वापरता येते, कारण एकमेकांना न दिसणारी दोन उपकरणे एकाच वेळी बोलू लागली तर दोघांचेही संदेश वाया जातात. प्रक्रियकांच्या भाषेत तर आरटीएसचा तिसराच अर्थ आहे. १९७५ च्या ६५०२ या चिपमध्ये उपकार्यक्रमातून परत येण्याच्या आज्ञेचे नाव आरटीएस होते आणि मोटोरोलाच्या ६८००० मध्येही ते कायम राहिले. मेगा ड्राइव्हचा मुख्य प्रक्रियक ६८००० च होता, त्यामुळे वर उल्लेखलेला 'हर्झोग झ्वाय' चालताना आरटीएस ही आज्ञा सतत पाळली जात असते. हास्केल भाषेत लिहिणाऱ्यांसाठी आरटीएस म्हणजे कार्यक्रम चालवणारी अंतर्गत यंत्रणा. खेळ घडवणाऱ्या एकाच गटात हे सारे अर्थ एकाच दिवशी कानावर पडू शकतात. १९९७ साली बाह्य मोडेम लावून 'एज ऑफ एम्पायर्स' खेळणाऱ्याच्या सिरियल केबलमधून तर एक आरटीएस वाहत असे आणि पडद्यावर दुसरा चालू असे.

त्याच खेळाच्या पोटात शिरले तर 'रिअल टाइम' या शब्दांचाही पुनर्विचार करावा लागतो. २८.८ किलोबिटच्या मोडेमवरून शेकडो सैनिकांची स्थिती पाठवणे अशक्य होते. म्हणून प्रत्येक संगणक तोच डाव स्वतंत्रपणे चालवत असे आणि संगणकांमध्ये फक्त खेळाडूंच्या आज्ञांची देवाणघेवाण होत असे. त्यासाठी काळाचे साधारण २०० मिलिसेकंदांचे तुकडे पाडले होते आणि एका तुकड्यात दिलेली आज्ञा त्यानंतरच्या दुसऱ्या तुकड्यात अमलात येत असे. म्हणजे ज्याला आपण अखंड काळ म्हणतो, तो आतून पाळ्यांचाच होता. पाळ्या इतक्या छोट्या होत्या की खेळणाऱ्याला त्या जाणवत नसत. अभियांत्रिकीत 'रिअल टाइम' म्हणजे ठरलेल्या मुदतीत उत्तर देण्याची हमी, आणि ती हमी यांपैकी एकाही खेळाने दिलेली नाही.

म्हणून मला हद्दीच्या वादापेक्षा एक साधी शिस्त महत्त्वाची वाटते. लिहिणाऱ्याने पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव लिहावे आणि त्यानंतरच लघुरूप वापरावे.

तटबंदी (धागाकर्ता)

जोडणीकार यांची शिस्त योग्य आहे आणि ती सर्वांनी पाळावी, परंतु तिने माझा प्रश्न सुटत नाही. 'रिअल टाइम स्ट्रॅटेजी' हे तिन्ही शब्द पूर्ण लिहिले तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकाच्या बाबतीत 'स्टारक्राफ्ट' येतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत 'टोटल वॉर'. २०० मिलिसेकंदांच्या पाळ्यांविषयी मी एवढेच म्हणेन की खेळाचा प्रकार यंत्राच्या आतल्या रचनेवरून ठरत नाही, खेळणाऱ्याला कोणता निर्णय कोणत्या दडपणाखाली घ्यावा लागतो यावरून ठरतो.

उघडा नकाशा यांचा 'जेकब्स इन्स्टॉलेशन'चा दाखला ताकदीचा आहे, पण तो टप्पा आठवणीत का राहतो हेही पाहावे. आधीच्या टप्प्यांत कामगार, खनिज आणि तळ यांची सवय लागलेल्या खेळाडूकडून ते सगळे काढून घेतले जाते, म्हणूनच तो वेगळा वाटतो. अपवाद जाणवतो, याचा अर्थ नियम अस्तित्वात आहे. बंजीच्या 'मिथ' या १९९७ च्या खेळात सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिलेलेच सैन्य लढवायचे असते, नवे घडवता येत नाही. त्याच्यासाठी 'रिअल टाइम टॅक्टिक्स' हे वेगळे नाव रूढ झाले, कारण लोकांना हा फरक महत्त्वाचा वाटला. 'कंपनी ऑफ हीरोज'मध्ये लाकूडतोड नसली तरी मुख्यालय आहे, सैन्यनिर्मिती आहे आणि संसाधने राखण्यासाठी सैन्याची विभागणी आहे, त्यामुळे तो माझ्या हद्दीच्या आतच येतो. संसाधने कुदळीने मिळतात की ताब्याने, हा मुद्दा गौण आहे.

'हर्झोग झ्वाय'बद्दल मात्र मी ठाम आहे. पूर्वज असणे वेगळे आणि त्या प्रकारात मोडणे वेगळे.

दुसरी फळी

पूर्वजांना बाहेर ठेवायचे आणि वंशजांनाही आत घ्यायचे नाही, हे मला पटत नाही. 'डोटा'चा जन्म कुठे झाला? 'वॉरक्राफ्ट थ्री' या अस्सल आरटीएसच्या नकाशा-संपादकात, २००३ मध्ये, आणि त्याच्याही आधी 'स्टारक्राफ्ट'साठी खेळाडूंनीच 'इऑन ऑफ स्ट्राइफ' हा नकाशा घडवला होता. 'वॉरक्राफ्ट थ्री'ने २००२ मध्ये नायक आणले, त्यांना अनुभव आणि शस्त्रे दिली, सैन्याचा आकार लहान ठेवला. म्हणजे तळावरचे लक्ष काढून एका पात्राकडे वळवण्याची वाटचाल आरटीएसच्या आतच सुरू झाली होती. शिवाय तटबंदी ज्याला पाचवे संसाधन म्हणतात, ते लक्ष 'डोटा टू'च्या खेळाडूलाही वाटावेच लागते. समोरच्या सैनिकावर शेवटचा घाव घालून सोने मिळवायचे, छोट्या नकाशावर शत्रू दिसेनासा झाला की सावध व्हायचे आणि त्याच क्षणी दुसऱ्या वाटेवरच्या सहकाऱ्याच्या मदतीला जायचे की नाही हे ठरवायचे. लक्षाची विभागणी हीच कसोटी असेल तर हा खेळ तिच्यावर पूर्ण उतरतो.

तटबंदी (धागाकर्ता)

लक्षाची विभागणी विमान चालवण्याच्या खेळातही असते. माझा निकष ती विभागणी कशा-कशात होते हा आहे: वाढवणे आणि लढवणे. 'डोटा'त आपण सोने खर्चून नायकाला बळ देतो, पण उत्पादनाची साखळी उभी करत नाही आणि सैनिकांच्या लाटा आपल्या निर्णयाशिवाय येत राहतात.

या विभागणीचे महत्त्व डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या 'अल्फास्टार' या खेळणाऱ्या प्रणालीच्या प्रकल्पात स्पष्ट दिसले. जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झालेल्या 'स्टारक्राफ्ट टू'च्या सामन्यांत या प्रणालीने दोन व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी ५-० असे हरवले. त्या डावांत तिला नकाशाचा दिसणारा सगळा भाग एकदम मिळत होता, पडदा इकडून तिकडे सरकवावा लागत नव्हता. त्यानंतरच्या थेट प्रक्षेपित डावात माणसासारखा पडदा सरकवण्याची अट असलेली आवृत्ती उतरवली आणि ती हरली. त्याच वर्षी पुढे ज्या आवृत्तीने ग्रँडमास्टर ही सर्वोच्च श्रेणी गाठली, तिच्यावर पडद्याची आणि आज्ञांच्या वेगाचीही मर्यादा घातलेली होती, कारण त्याशिवाय तुलना न्याय्य ठरली नसती. लक्षाची टंचाई काढून टाकली की या खेळाचे काहीतरी मूलभूत हरवते, हे ती प्रणाली घडवणाऱ्यांनीही ओळखले होते.

उघडा नकाशा

हा पुरावा तुमच्याच विरुद्ध जातो. पहिल्या दहा डावांत यंत्राला लक्ष वाटावे लागले नाही असे तुम्हीच म्हणता. मग ते डाव आरटीएसचे नव्हते का? नियम तेच होते, खनिजे तीच होती, घड्याळ तेच होते. खेळाची ओळख नियमांत असते. खेळणाऱ्याच्या डोळ्यांना किती दिसते, यावर ती अवलंबून ठेवता येत नाही.

तटबंदी (धागाकर्ता)

त्या दहाही डावांत समोरच्या बाजूला माणूस होता, आणि खेळाचे नियम माणसाच्या नजरेचे मोजमाप धरूनच आखलेले होते. पडदा नकाशाच्या एका तुकड्यापुरताच का दाखवतो, आणि दूरवर हल्ला झाला की सूचनेचा आवाज का येतो? ही रचनाही नियमांचाच भाग आहे. 'ड्यून टू'मध्ये एका वेळी एकच तुकडी निवडता येत असे, 'स्टारक्राफ्ट'मध्ये बारा आणि 'स्टारक्राफ्ट टू'मध्ये हवी तेवढी. ही मर्यादा प्रत्येक खेळाने वेगवेगळ्या ठिकाणी आखली, आणि ती आखताना तळ आणि रणांगण या दोन्हींकडे खेळाडूला किती वेळा वळावे लागेल हे त्याबरोबरच ठरत गेले. ज्या खेळात हा प्रश्नच उद्भवत नाही, त्याला मी दुसऱ्या नावाने ओळखीन.